गाढवगाडीच्या वेगाने

१९७८ साली त्रेपन्न रविवार आले. १ जानेवारीला रविवार होता आणि ३१ डिसेंबरलाही रविवारच होता. जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर त्या प्रत्येक रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता एक मुलगी, एक कुत्रा आणि एक गाढव दिसत होते. मालिकेचे नाव ‘पेरीन मोनोगातारी’, म्हणजे पेरीनची गोष्ट. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने ती काढली. दिग्दर्शन प्रामुख्याने हिरोशी साइतो यांचे, पात्रांची रेखाटने शुइची सेकी यांची. भाग त्रेपन्न, वर्षभरातल्या रविवारांइतके. मूळ कादंबरी फ्रेंच. एक्तोर मालो यांनी ती १८९३ मध्ये लिहिली आणि नाव ठेवले ‘आँ फामी’, आपल्या भाषेत ‘कुटुंबात’. याच मालोंचे त्याआधीचे, १८७८ मधले पुस्तक ‘साँ फामी’, म्हणजे ‘कुटुंबाविना’. तेही त्याच सुमारास जपानमध्ये पडद्यावर होते. ओसामू देझाकी यांनी केलेली त्याची एक्कावन्न भागांची मालिका २ ऑक्टोबर १९७७ ला दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९७८ ला संपली. तीही रविवारचीच. म्हणजे १९७८ चे नऊ महिने जपानी घराघरांत एकाच संध्याकाळी एकाच फ्रेंच लेखकाची दोन अनाथ मुले रस्ता तुडवत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या लेखकासाठी एखाद्या समाजाने एवढा वेळ काढणे साधी गोष्ट नाही. या लेखाचा विषय तो वेळ आहे. मुलांसाठी परभाषेतली गोष्ट आणताना जपानने ती लांबवली, आपण मराठीत ती आटवली. या फरकाने आपले काय गेले, ते पाहायचे आहे.

आधी गोष्ट. पिकार्दी प्रांतात तागाच्या गिरण्यांचा एक मालक आहे, व्ह्युल्फ्रां पँदाव्वान. ताग येतो बंगालमधून, म्हणून मुलाला तो भारतात पाठवतो. मुलगा तिथे अर्धभारतीय मुलीशी लग्न करतो. बापाला हे लग्न मान्य नाही आणि मुलाचे घर तुटते. पुढे नवरा, बायको आणि मुलगी फिरत्या गाडीतून लोकांची छायाचित्रे काढत युरोपात येतात. बाप बोस्नियात मरतो, आई पॅरिसला पोचून मरते. उरते बारा-तेरा वर्षांची पेरीन. ती एकटी पायी आजोबांच्या गावी जाते, पण आपण कोण ते सांगत नाही. ‘त्या बाईची मुलगी’ म्हणून आजोबा झिडकारतील ही भीती आईने मरताना बोलून दाखवली होती. आधी माणूस म्हणून स्वतःला आवडती कर, हा तिचा सल्ला होता. पेरीन ओरेली हे खोटे नाव घेते, आजोबांच्याच गिरणीत मालाच्या वाघिणी ढकलायच्या कामाला लागते, इंग्रजी येत असल्यामुळे पुढे दुभाषी होते आणि आंधळ्या आजोबांचा डोळा बनते. ढाक्याहून आलेली, स्वतःच्याच आईबापांविषयीची पत्रे ती त्या म्हाताऱ्याला भाषांतर करून वाचून दाखवते, आवाज न फुटू देता. बालसाहित्यात इतका अवघड प्रसंग क्वचित सापडेल. मालोंनी मारोकूर हे काल्पनिक गाव रचताना डोळ्यांपुढे ठेवले होते ते फ्लिक्सकूर, जिथे सँ बंधूंच्या तागाच्या गिरण्या होत्या. धान्य मोंढ्यावर नेताना आपला शेतकरी ज्या बारदानासाठी खोळंबतो, त्या गोणपाटाच्या धाग्यावर ही सगळी कादंबरी विणलेली आहे. बंगालच्या चिखलात कुजवलेला ताग, फ्रान्समधला मालक आणि दोन्हींच्या मध्ये जन्मलेली पोर. तरीही मराठी वाचकाला व्हर्न आणि ह्यूगो जितके ओळखीचे, तितके मालो नाहीत.

जपानी मंडळींनी या कादंबरीचे काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. मालोंचे पुस्तक उघडते पॅरिसच्या जकात नाक्यावर. गाड्यांची रांग लागली आहे, त्यात एक मोडकी गाडी, आत आजारी आई. मागचा सगळा प्रवास दोन-चार वाक्यांत सांगून होतो आणि थोड्याच प्रकरणांत आई जाते. मालिकेने हे उलटे केले. पहिल्याच भागात बोस्नियात बापाची माती होते आणि तिथून गाडी निघते. क्रोएशिया, उत्तर इटली, आल्प्सचा घाट, मग फ्रान्स. मालिकेचा तिसरा हिस्सा होत आला तरी या मायलेकी रस्त्यातच असतात. मालोंनी ज्या प्रवासाला काही ओळी दिल्या, त्याला साइतो आणि त्यांच्या लेखकांनी महिनेच्या महिने दिले. त्या महिन्यांत घडते काय? गाढवाला चारा मिळत नाही. पाऊस येतो. फोटो काढायला कुणी येत नाही, म्हणून पैसे नसतात. आई लेकीला गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे ते शिकवते. एखाद्या भागात याहून फारसे काहीच घडत नाही. पण अर्धे वर्ष सरत येते आणि आई मरते, तेव्हा पाहणाऱ्या मुलाला ती बाई कोण होती ते ठाऊक झालेले असते. पुस्तकात पेरीनची आई हे एक दुःखद कारण आहे. मालिकेत ती माणूस आहे, तिच्या हातची सवय आणि तिचा थकवा ओळखीचा झालेला आहे.

याला कुणी पाणी घालणे म्हणेल. आपल्या परंपरेत याला शब्द आहे निरूपण. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरांनी त्यांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या. पैठणच्या एकनाथांनी भागवताचा एकटा अकरावा स्कंध घेतला आणि त्याच्या ओव्या अठरा हजारांवर नेल्या. नेवाशाच्या ज्ञानेश्वरांनी किंवा पैठणच्या नाथांनी संस्कृत ग्रंथाचा ‘सुलभ संक्षिप्त अनुवाद’ केला असता तर मराठी भाषा कुठे असती, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. ज्याला संस्कृत येत नाही त्याला कमी द्यावे असे त्यांना वाटले नाही, जास्त द्यावे असे वाटले. उपमा, दृष्टान्त, घरातली भांडी, शेतातली कामे हे सगळे त्या जादा ओव्यांत आले. आजही गावच्या सप्ताहात कीर्तनकार चार चरणांचा एक अभंग घेतो आणि त्यावर दोन तास उभा राहतो. जपानी दिग्दर्शकाने मालोंवर वर्षभर उभे राहणे हे त्याच जातीचे काम आहे. मूळ संहितेशी प्रामाणिक राहायचे, पण ऐकणाऱ्याला तिच्यात राहायला जागा करून द्यायची. दुर्दैव असे की मोठ्यांच्या अध्यात्मासाठी आपण जी रीत वापरली, ती मुलांच्या गोष्टींसाठी वापरली नाही. मुलांच्या वाट्याला जगातले अभिजात साहित्य आले ते बहुतेक संक्षिप्त आवृत्तीच्या रूपाने. जाड कादंबरीची सव्वाशे पाने, ठळक टाइप, मुखपृष्ठावर जहाज.

इथे दोन माणसांचे ऋण मान्य करूनच पुढे जायला हवे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. फास्टर फेणेची दौड ज्या पिढीने वाचली तिला चंद्रावरची स्वारीही त्यांनीच घडवली. साने गुरुजींनी ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’वरून ‘दुःखी’ लिहिले आणि जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’. गुरुजींची रीत अनुवादकाची नव्हती, गोष्टीवेल्हाळ माणसाची होती. एलियटचा विणकर त्यांनी आपला मनूबाबा केला. त्याची मोहरा गेल्या आणि सोनी नावाची पोर मिळाली, हे वाचताना इंग्लंड आठवतसुद्धा नाही. हे बळ मोठे होते. पण त्यांच्या हाती कागद किती होता, छापखाना कसा होता आणि आयुष्य किती होते, हेही पाहावे लागते. जन्म १८९९, मृत्यू १९५०, मधली कित्येक वर्षे तुरुंगात. त्यांनी गोष्ट आटवली ती बहुधा निकडीपोटी. पुढच्या काळात मात्र निकड सरली आणि आटवण्याची सवय उरली. त्यातही गंमत अशी की गुरुजींचे स्वतःचे सर्वांत टिकलेले पुस्तक आटवलेले नाही. ‘श्यामची आई’ रात्रीमागून रात्र सांगितलेली आहे. पहिली रात्र, दुसरी रात्र असे करत तिची प्रकरणे पडतात. ती मालिकाच आहे. मराठी मुलाला थांबत थांबत ऐकायला आवडते याचा पुरावा आपल्याच घरात होता. परदेशी पुस्तकाला हात लावताना तो आपल्याला आठवला नाही.

संक्षेप करताना काय कापले जाते? कथानक कापता येत नाही, संवाद थोडे कापता येतात. सर्वांत आधी कात्री लागते ती कामाच्या वर्णनाला. ‘आँ फामी’च्या मध्यावर जी प्रकरणे आहेत, त्यांत कथानकाच्या हिशेबाने काही घडतच नाही. गिरणीतल्या पोरींच्या सामाईक खोलीतली कोंदट हवा सोसत नाही म्हणून पेरीन तळ्यातल्या बेटावरच्या एका रिकाम्या झोपडीत राहायला जाते. शिकारी मंडळी हंगामात वापरतात ती ही झोपडी, एरवी ओस. बूट फाटले आहेत, नवे घ्यायला पैसे नाहीत. मग ती गवताची वेणी वळते, ती वेटोळ्यात शिवून तळवा करते, वर जाडे कापड लावते आणि पायताण तयार करते. टाकलेल्या पत्र्याच्या डब्याचे भांडे करते. चमचाही पत्र्याचाच. पहिला प्रयत्न फसतो, दुसरा बरा होतो. कापड किती लागेल, दोरा कितीला पडेल, आठवड्याच्या मजुरीतून पावाचे पैसे जाऊन काय उरेल, हा हिशेब मालो शेवटच्या नाण्यापर्यंत मांडतात. मग ती रोझाली या मैत्रिणीला स्वतःच्या भांड्यात शिजवलेले जेवायला बोलावते. संक्षिप्त आवृत्तीत या सगळ्याचे ‘पेरीन काटकसरीने राहू लागली’ असे एक वाक्य होईल. जपानी मालिकेने ही प्रकरणे तर ठेवलीच, वर त्यांना सावकाश चित्रांत आणले. हाताची हालचाल, सुई टोचणे, डबा ठोकणे. अ‍ॅनिमेशनमध्ये हात रेखाटणे महागात पडते, कारण प्रत्येक हालचालीला चित्रे लागतात. त्यांनी खर्च तिथे केला. काम हीच या गोष्टीतली घटना आहे, हे त्यांना कळले होते.

आता कन्नड तालुक्यातले देवगाव रंगारी डोळ्यांपुढे आणू. नावातच रंगारी आहे, म्हणजे कापड रंगवणारा. कारागिराच्या नावाने ओळखले जाणारे गाव. अशा गावातल्या मुलाला पेरीनची गोष्ट किती परकी वाटेल? कन्नड तालुक्यातूनही दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार भरला जातो आणि पोरेही त्याच संसाराबरोबर जातात. कारखान्याच्या तळावर झोपडीवजा कोपी उभी राहते. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, मोळ्या बांधायला लागते, उसाच्या वाढ्यांचे दोन पैसे होतात का बघते. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला की परत. शाळेचे निम्मे वर्ष गेलेले असते. गाडीत राहणारी, जनावराच्या चाऱ्याची काळजी करणारी, आईबापांच्या मजुरीचा हिशेब पाठ असलेली मुलगी फ्रेंच कादंबरीत कशी असते, हे या मुलांना सांगावे लागणार नाही. उलट शहरातल्या मुलाला समजावून सांगावे लागेल. या मुलांच्या पुस्तकांत असते ते काय? राजा, जादूगार, चंद्रावर जाणारे शास्त्रज्ञ, सुट्टीत गुप्तहेर पकडणारी मुले. ती असावीतच. पण पायताण कसे वळले याची आठ पाने ज्यांना खरी वाटली असती, त्यांच्यापर्यंत ती आठ पाने गेली नाहीत. सुलभ करण्याच्या नादात आपण नेमका त्यांचा भाग कापला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लांबी म्हणजे खोली नव्हे. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचा दाखलाही जपानमध्येच सापडतो. १९९६-९७ मध्ये निप्पॉन अ‍ॅनिमेशनने ‘साँ फामी’ पुन्हा केली, तेव्हा मूळ मुलगा असलेल्या रेमीची मुलगी करून टाकली. २००७ मध्ये त्यांनी ‘ले मिझराब्ल’वर बावन्न भागांची ‘शोजो कोझेत’ काढली. तिच्यात पोलीस अधिकारी झावेर जीव देत नाही आणि बॅरिकेडवरचा पोरगा गावरोशही मरत नाही. ह्यूगोने ज्या दोन मृत्यूंनी वाचकाचा गळा धरला, ते दोन्ही पुसले गेले. बावन्न भाग असूनही ही मालिका मुलांना कमी देते. साने गुरुजींचे छोटेसे ‘दुःखी’ माझ्या मते तिच्यापेक्षा ह्यूगोच्या जवळ जाते. तेव्हा केवळ तास वाढवल्याने काही साधत नाही. वाढवलेल्या वेळात काय ठेवता त्यावर सगळे आहे. पेरीनमध्ये वाढवलेला वेळ आईला आणि कामाला मिळाला. कोझेतमध्ये तो मुलांना न दुखावण्यावर गेला. निरूपणकारही दोन प्रकारचे असतात. एक अभंग उलगडतो, दुसरा मधे विनोद सांगून वेळ काढतो. दुसऱ्यामुळे पहिल्याची रीत खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अश्रूंचा. या जपानी मालिका म्हणजे रडारड, अनाथ पोरे, मरणाऱ्या आया आणि इमानी कुत्रे, असे सरसकट बोलले जाते. मराठी वाचक तर ‘श्यामची आई’वर वाढला आहे आणि अत्र्यांच्या चित्रपटाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाल्याचा त्याला अभिमानही आहे; तेव्हा रडण्याच्या कमतरतेची तक्रार आपण करू शकत नाही. पण पेरीन इथे वेगळी निघते. ती फार कमी रडते. आईच्या मृत्यूनंतर ती चालायला लागते. वाटेत पैसे संपतात, ती भुकेने कोसळते, आणि भंगार-चिंध्या गोळा करत फिरणारी ला रुकेरी नावाची बाई तिला वाचवते. त्या बाईच्या गाडीला जुंपलेले असते पेरीनचेच गाढव, पालिकार. आईच्या दुखण्यासाठी विकलेले. मुळात ग्रीसमध्ये घेतलेले, म्हणून ते ग्रीक नाव. ते गाढव तिला ओळखते. हा योगायोग ढोबळ आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो होताच पेरीन त्या बाईकडे आयते बसून खात नाही, बरोबरीने काम करते आणि ताकद आली की पुन्हा वाटेला लागते. श्यामला आई घडवते आणि आपण आईसाठी रडतो. पेरीनला आई मधेच सोडून जाते आणि आपण पेरीन काय करते ते बघत राहतो. मुलाला दोन्ही गोष्टी लागतात. एक आपल्याकडे भरपूर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड, आणि तो मी टाळणार नाही. शेवटी पेरीनची सुटका होते ती श्रीमंत आजोबा सापडल्यामुळे. गिरणीतल्या बाकी पोरींना आजोबा नाहीत. कादंबरीत एका अस्वच्छ, दाटीच्या घराला आग लागून मजुरांची सांभाळायला ठेवलेली लहान मुले मरतात, त्यानंतर मालकाला पाझर फुटतो. मग पाळणाघर, बरी घरे, दवाखाना. म्हणजे सुधारणा येते ती वरून, मालकाच्या मनातून. ज्या भाषेत नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेत आणले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी कष्टकऱ्याला नायक केले, त्या भाषेच्या वाचकाने हे गिळावे कशाला? गिळू नये. मालो क्रांतिकारक नव्हते, सज्जन सुधारक होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सज्जन सुधारकाला दयाळू मालकापलीकडे फारसे दिसत नसे. जपानी मालिकेनेही इथे धाडस दाखवले नाही. तिचा शेवट पुस्तकाइतकाच गोड आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. संक्षिप्त आवृत्तीत नेमका हाच शेवट शिल्लक राहतो. मुलगी हरवली होती, आजोबा सापडले, संपले. कोंदट खोली, चिरडणारी बोटे, मजुरीचा हिशेब, तालुएलसारख्या व्यवस्थापकाची हेरगिरी, हे सगळे गळते आणि उरते ती फक्त परीकथा. मालोंच्या विचारातली उणीव संपूर्ण पुस्तकात दिसते, कारण ती उणी ठरवायला लागणारा पुरावा तिथेच त्यांनी स्वतः मांडून ठेवलेला आहे. आजोबा नसलेल्या पोरींचे काय, हा प्रश्न पूर्ण पुस्तक वाचणाऱ्या मुलालाच पडेल.

परकेपणाचा आक्षेप मला फारसा टिकाऊ वाटत नाही. जपान्यांनी फ्रान्स काढावा आणि आपण तो मराठीत पाहावा, हा तिहेरी उसनवारीचा प्रकार झाला, असे म्हणता येईल. पण अशाच जपानी मालिकांपैकी ‘हायडी’साठी १९७३ मध्ये इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी स्वित्झर्लंडला जाऊन कुरणे आणि घरे पाहून आले होते, आणि घरबसल्या युरोप काढण्याच्या सवयीला तिथून खीळ बसली. ‘फ्लँडर्सचा कुत्रा’ची जपानी मालिका १९७५ ची. तिच्या ओढीने पर्यटक अँटवर्पला येऊन गोष्टीतल्या जागा विचारू लागले आणि १९८५ मध्ये तिथल्या होबोकन भागात गोष्टीतल्या मुलाचा व कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. स्थानिकांना ती गोष्ट धड ठाऊकही नव्हती. आपल्याकडे तर याचा अनुभव नव्वदच्या दशकात घरोघरी आला. निप्पॉन अ‍ॅनिमेशननेच १९८९ मध्ये काढलेला मोगली दूरदर्शनवर हिंदीत आला. शीर्षकगीत गुलजारांचे, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. सिवनीचे जंगल जपान्याने काढले आहे म्हणून कुणा मराठी मुलाने टीव्ही बंद केल्याचे ऐकिवात नाही. युगो साको आणि राम मोहन यांच्या ‘रामायण’पटाला तर परक्यांनी राम काढावा का, म्हणून आधी विरोध झाला होता. तोच चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत थाटात आला. आणि पेरीनची आई तर निम्मी आपल्याकडचीच. इराणमध्ये पेरीन घरच्यासारखी झाली, फिलिपिन्समध्ये मुलगी झालेली रेमी एका पिढीला पाठ आहे. मग नाते असलेल्या देशातच ती परकी ठरावी, हे विचित्र आहे.

शेवटची शंका आजच्या मुलांबद्दल. अर्ध्या मिनिटाची रील पाहणारे पोर गाढवगाडीचा प्रवास महिनोन्‌महिने कशाला बघेल? ते डोरेमॉन बघते, शिनचॅन बघते, तेही हिंदीत. मराठी घरातल्या चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘लेकिन’ आणि ‘बचाओ’ येते ते तिथून. पण रीलचा दोष मुलावर टाकण्याआधी मोठ्यांनी काय समोर ठेवले ते विचारावे. रामानंद सागरांचे ‘रामायण’ १९८७-८८ मध्ये दर रविवारी दीड वर्ष चालले तेव्हा प्रसंगांची गती आजच्या मानाने कूर्मगतीच होती, आणि रस्ते ओस पडत. सप्ताहात सात दिवस बसणारी मुले आजही गावोगावी आहेत. सावकाश गोष्ट ऐकण्याची ताकद मुलात असते. ती ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी आणि कुणाबरोबर तरी ऐकावी लागते. जपानी घरात ती रविवारी साडेसातला जेवणाच्या वेळेस होती. एकट्याच्या हातातल्या फोनवर पेरीन चालणार नाही, हे मला मान्य आहे. ती चारचौघांत चालेल.

म्हणून मागणे मोठे नाही. एखाद्या मराठी प्रकाशकाने ‘आँ फामी’ थेट फ्रेंचमधून, एकही प्रकरण न गाळता मराठीत आणावी. फ्रेंच शिकलेली मंडळी पुणे-मुंबईत पुष्कळ आहेत, आणि मराठी दिवाळी अंक अजूनही दीर्घ मजकूर छापतात. बालवाहिन्यांच्या मराठी ध्वनिमुद्रणात वर्षाला एक अशी संथ मालिका बसवणे अशक्य नाही. आणि ज्यांची मुले गावी मागे राहतात, त्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गळीत हंगामात जी हंगामी वसतिगृहे चालतात, तिथे रोज संध्याकाळी एक प्रकरण मोठ्याने वाचले जावे. हंगाम साधारण पाच महिन्यांचा आणि पुस्तक चाळीस प्रकरणांचे. आठवड्याला दोन घेतली तरी आईबाप परत येण्याआधी पुस्तक वाचून होते. मालो १९०७ मध्ये वारले, त्यामुळे या पुस्तकाच्या अनुवादासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही आणि कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.